वर्णनाचा रकाना

रविवार, २३ नोव्हेंबर २०१४

सकाळी साडेनऊला लखनऊच्या चारबाग स्टेशनवर उतरले. गाडीला फक्त चाळीस मिनिटे उशीर झाला, म्हणून डब्यातले सगळे एकमेकांचे अभिनंदन करत होते. यश फलाटावर हजर होता. हमालाला नको म्हणाला आणि जिना चढताना पस्तावला. "मम्मी, पूरा नाशिक उठा लाई हो क्या?" मी म्हटले, निम्मे ओझे तुझेच आहे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. आठ वर्षे इकडे राहून त्याचे मराठी अर्धे हिंदी झाले आहे. समजते सगळे, उत्तर हिंदीत येते. ऑटोत बसल्यावर दोघेही हसत होतो. मार्चनंतर पहिल्यांदाच.

घर सरोजिनी नगरला, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि वर गच्ची. विमाने इतकी खालून जातात की चाकेसुद्धा दिसतात. यशची कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चिनहटला. मोटरसायकलने सव्वा तास लागतो. मी काळजी केली तर म्हणाला, सगळे लखनऊ असेच करते.

यशच्या बाबांचा, विक्रमचा, फोटो अजून पेटीतून काढलेला नाही. जागा ठरवायची आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज चंद्रप्रभाताई भेटायला आल्या. इथल्या मराठी मंडळाच्या सचिव, साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. मंडळाच्या दोन खोल्या आमच्या गल्लीच्या टोकालाच आहेत. यशने त्यांना सांगून ठेवले होते की आई नाशिकला शाळेत संगणक शिकवायची. मंडळाची वेबसाइट कुणीतरी करून दिली आहे, पण मीडिया लायब्ररीत, म्हणजे फोटो नि चित्रफिती साठतात त्या भागात, अकराशे फायली पडल्या आहेत आणि एकीचेही नाव धड नाही. त्यांना ते नीट लावायला शिकायचे आहे. वर्ग मंगळ, गुरू, शनि, दुपारी दोन ते चार.

मी हो म्हटले. घरात बसून दुपार संपत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

पहिला वर्ग. विद्यार्थी तीन. चंद्रप्रभाताई. दत्तात्रय काका, एकाहत्तर वर्षांचे, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. आणि प्रणिता, तिशीची, इथेच जन्मलेली, मला आंटी म्हणते. शिवाय कोपऱ्यात रमाकांत काका. ते बँकेत होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. त्यांचा संगणक पडद्यावरचे वाचून दाखवतो. ते शिकायला नाही, परीक्षा घ्यायला बसतात, असे त्यांनीच सांगितले.

फाईलला नाव कसे द्यायचे, फोटो चढवण्याआधी लहान कसा करायचा, एकच फोटो पुन्हा चढलेला कसा ओळखायचा, एवढे झाले. दत्तात्रय काकांनी एकच फोटो चौदा वेळा चढवला. बटण दाबले की काही होत नाही म्हणून पुन्हा दाबत होते. चंद्रप्रभाताई म्हणाल्या, "भाऊ, ही लिफ्ट नाही." सगळे हसले, काका सर्वांत जास्त.

शेवटी वर्णनाचा रकाना. प्रत्येक फोटोला तो असतो. तिथे लिहिलेले रमाकांत काकांसारख्यांना ऐकू येते. मी नियम दिला: जे दिसते तेवढेच लिहा, जे माहीत आहे ते लिहू नका. चंद्रप्रभाताईंनी पहिले वर्णन लिहिले, "हे पाटणकर, फार सज्जन, मुलगी कॅनडाला." ते खोडायला लावले तेव्हा त्या जरा रुसल्या.

घरी येताना मटार घेतले. बरे वाटले.

मंगळवार, ९ डिसेंबर

काम जोरात चालले आहे. दीडशे फोटो झाले. आज रमाकांत काकांनी एक गोष्ट विचारली. ते रविवारभर घरी फोटोंची वर्णने ऐकत बसले होते. म्हणाले, "वीणाताई, तो मरून स्वेटरवाला कोण हो? गणपतीत आहे, कोजागरीला आहे, प्रत्येक पंगतीला हजर, आणि नाव कुणीच लिहीत नाही." दत्तात्रय काका म्हणाले, असेल कुणाचा तरी जावई.

मी वर्णने उघडली. खरेच बारा ठिकाणी लिहिले होते, मागे मरून स्वेटर घातलेले गृहस्थ उभे. फोटो पाहिले. एकातही असे कुणी नव्हते. चंद्रप्रभाताईंना दाखवायला सांगितले तर त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. बोटाखाली भिंत होती. नुसती रंग उडालेली भिंत. मी चष्मा पुसून पाहिला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

नव्या बाईंची थट्टा करत असतील. शाळेतही मुले करायची.

गुरुवार, ११ डिसेंबर

थट्टा नाही.

आज मी तिघांना तीन टोकांना बसवले. १९९८च्या गणपतीतला पंगतीचा एकच फोटो प्रत्येकाला दिला आणि कागदावर वर्णन लिहायला सांगितले, न बोलता. कागद माझ्यासमोर आहेत. तिघांनीही लिहिले आहे: उजव्या खांबाजवळ एक बारीक गृहस्थ. मरून स्वेटर. डावा हात पाठीमागे. प्रणिताने हिंदीत लिहिले, चश्मा डोरी से गले में लटका है. दत्तात्रय काका शास्त्रज्ञच, त्यांनी बटणेसुद्धा मोजली आहेत. पाच मरून, वरचे एक काळे.

ते काळे बटण मी लावले होते. मरून मिळाले नाही म्हणून.

स्वेटरही मीच विणला होता. रुग्णालयात एसीची थंडी बाधते म्हणून विक्रमने तो मागवून घेतला. दहा मार्चला मी शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते. रुग्णालयातून फोन आला, एक वर्ग संपवून निघते म्हटले. पोचले तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती, आणि मी ती दूर केली नाही. मला धीर झाला नाही. स्वेटर त्याच्याबरोबरच गेला.

प्रणिता विचारत होती, भादोंच्या उकाड्यात या माणसाने स्वेटर का घातला आहे. मी म्हटले, त्यांना थंडी फार वाजते.

शनिवार, १३ डिसेंबर

कुणाला काही सांगितलेले नाही. यशलाही नाही. विद्यार्थ्यांना सांगितले, पूर्वी इथे पाहुणे म्हणून येत, माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी लगेच मानले.

आता मी फोटो निवडून देते आणि त्यांच्याकडून लिहून घेते. कसे उभे आहेत, कुठे बघतात, केस कसे आहेत, दाढी केली आहे का. जितके विचारावे तितके ते सांगतात. मला मात्र खांब दिसतो, भिंत दिसते, पडदा दिसतो. या लोकांना दोन आठवड्यांपूर्वी माऊस धरता येत नव्हता.

एक लक्षात आले. जुन्या फोटोंत तो मागे लांब आहे. अलीकडच्या फोटोंत माणसांच्या जवळ येत गेला आहे.

मला दिसला पाहिजे. एकदा. एवढेच.

मंगळवार, १६ डिसेंबर

प्रणिताने फोनवर वर्गाचाच फोटो काढला आणि तिथल्या तिथे चढवला. चांगली जमली तिला रीत. चंद्रप्रभाताईंनी वर्णन लिहिले: दत्तात्रय भाऊ खुर्चीवर बसलेले. त्यांच्या खांद्यावर त्या गृहस्थांचा हात.

म्हणजे तो आज या खोलीत होता. माझ्यापासून चार हातांवर. मी दत्तात्रय काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. काका म्हणाले, "काय हो बाई, कॉपी करत नाहीये मी."

गुरुवार, १८ डिसेंबर

दत्तात्रय काका गेले. सकाळी अंगणात लिंबाला पाणी घालत होते, तिथेच पडले. वर्ग झाला नाही. आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. धुके इतके होते की फाटकातून माणसे अचानक समोर येत होती.

थंडीने म्हाताऱ्या माणसांचे असे होते, सगळे म्हणाले.

शनिवार, २० डिसेंबर

वेबसाइटवर श्रद्धांजली टाकायची म्हणून चंद्रप्रभाताईंनी मंगळवारचाच फोटो निवडला. रमाकांत काकांनी वर्णन दोनदा ऐकले. मग हळूच मला म्हणाले, त्या हाताचे वाक्य काढून टाका. मी काढले. का ते विचारले नाही.

तो हात आणि काकांचे जाणे, या दोन गोष्टी मी शेजारी ठेवत नाही. ठेवायला हव्यात कदाचित. पण डोक्यात दुसरेच आहे. तो वर्गात येतो, तर घरी येत असेल का.

शनिवार, २७ डिसेंबर

सकाळी यश ओट्याशी उभा राहून चहा करत होता. मी फोटो काढला. तो म्हणाला, "अब क्या चाय की भी क्लास लोगी?"

दुपारी तो फोटो मी मंडळाच्या वेबसाइटवर चढवला आणि सरावाला दिला. घरचे फोटो तिथे चढवायचे नसतात, हे मीच पहिल्या दिवशी शिकवले होते.

प्रणिताने वर्णन लिहिले. मी तिच्या मागे उभी राहून एकेक शब्द वाचत होते. एक तरुण मुलगा चहा गाळतो आहे. त्याच्या शेजारी ते गृहस्थ, तोंड मुलाच्या कानाजवळ नेलेले. प्रणिता म्हणाली, "आंटी, ये तो आपके घर के निकले!" मी हो म्हटले. मला रडू आले ते तिला कळले असावे, ती पाणी आणायला उठली.

रविवार, २८ डिसेंबर

विक्रमचा फोटो पेटीतून काढून बाहेरच्या खोलीत लावला. जेवायला साबुदाण्याची खिचडी, त्याला आवडायची तशी, दाणे जास्त घालून. तिसरी खुर्ची ओढून ठेवली. यशने ती पाहिली. जेवण झाल्यावर तो माझ्या डोक्यावर थोपटून गेला.

फार दिवसांनी घर घरासारखे वाटले.

मंगळवार, ३० डिसेंबर

प्रणिताने आज स्वतःचे वर्णन दुरुस्त केले. म्हणाली, मी चुकीचे लिहिले होते बहुतेक. तोंड कानाजवळ नाही. गृहस्थ मुलाच्या मागे आहेत आणि त्यांचा हात मुलाच्या खांद्यावर आहे.

चंद्रप्रभाताईंना विचारले. त्या म्हणाल्या, हो, खांद्यावर, जसा भाऊंच्या होता तसा.

तोच फोटो. तीच फाईल. तारीख सत्तावीसच.

आता त्या दोन गोष्टी शेजारी आहेत. दत्तात्रय काका दोन दिवसांत गेले.

गुरुवार, १ जानेवारी २०१५

कालच फाईल डिलीट केली. कायमची, खात्री करून. आज लायब्ररी उघडली तर यादीत सर्वांत वर. पुन्हा डिलीट केली. तीन वेळा केली. प्रत्येक वेळी वर येते, प्रत्येक वेळी आजच्या तारखेने.

रमाकांत काकांनी फोन केला. त्यांचा संगणक तेच वर्णन वाचतो आहे. पण आता खांद्यांवर दोन्ही हात, असे वाचतो आहे. मी तर ते लिहिलेले नाही. कुणीच नाही.

यशला म्हटले, थोडे दिवस कामावर जाऊ नकोस. का, म्हणाला. काय सांगू. म्हणाला, मम्मी, छुट्टी ऐसे नहीं मिलती. आणि माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला.

शनिवार, ३ जानेवारी

फोटो जात नाही तर त्यातून माणूस काढायचा. क्रॉप. कड कापून टाकायची. साधे आहे, सातवीतली मुले करतात.

पण मला तो दिसत नाही. कुठे कापायचे ते कसे कळणार. चंद्रप्रभाताईंना शेजारी बसवले, चौकट धरली. त्या सांगत गेल्या. अजून आत घ्या. त्यांचा हात अजून दिसतोय. अजून थोडे. बास.

सेव्ह केले. त्या म्हणाल्या, गेले हो ते. पूर्ण गेले. मी टेबलावर डोके टेकले.

मग फोटो नीट पाहिला. यशचा उजवा हातही कापला गेला होता. कोपराच्या खाली. गाळणीची नुसती जाळी कडेला हवेत असल्यासारखी दिसत होती.

असू दे म्हटले. फोटोच तर आहे.

सोमवार, ५ जानेवारी

फैजाबाद रोडवर. धुक्यात ट्रक. मोटरसायकल खाली आली. उजवा हात

डॉक्टर म्हणाले, वाचवता आला नाही. कोपराच्या खाली. जिथे मी रेघ धरली होती, तिथे.

मंगळवार, ६ जानेवारी

यश शुद्धीवर आहे. मराठीत बोलला. आई, दुखतंय, म्हणाला. किती वर्षांनी असे मराठीत.

रुग्णालयातून थेट मंडळात गेले. प्रणिताला म्हटले, बघ. ती बघून उठलीच. म्हणाली, वो वापस आ गए हैं, आंटी. दुसऱ्या बाजूने. आता मुलाच्या गळ्याशी —

तिने वाक्य सोडून पडदा हाताने झाकला. मीही नको म्हटले.

बुधवार, ७ जानेवारी

विक्रम असे करणार नाही. यशला साधा चिमटा काढला तरी तो माझ्यावर रागवायचा.

पण स्वेटर त्याचा आहे. बटण त्याचे आहे. मीच म्हटले ना, माझ्या ओळखीचे आहेत. मीच एकेक शब्द लिहून घेतला. मीच त्याला माझ्या घरापर्यंत —

गुरुवार, ८ जानेवारी

यशला ताप. जखमेत काही झाले आहे. डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलतात.

एक धडा मी शेवटी शिकवायचा म्हणून ठेवला होता. फाईल बदलणे. जुनी काढायची नसते. तिच्याच जागी दुसरी ठेवायची. तोच पत्ता, तोच रकाना, आत दुसरा फोटो. जुन्याच्या सगळ्या प्रती आपोआप जातात.

त्याला जागा रिकामी नको आहे. माणूस हवा आहे.

रमाकांत काकांना सांगितले. सगळे, पहिल्यापासून. त्यांनी संगणकाचा आवाज बंद केला. मग म्हणाले, तुम्हाला मुलासाठी करायचे आहे की त्यांना बघायचे आहे म्हणून? मी म्हटले, मुलासाठी. ते म्हणाले, नक्की?

नक्की.

शुक्रवार, ९ जानेवारी

यशपाशी बसले दिवसभर. मोसंबी सोलून दिली. तो फाक डाव्या हाताने घेत होता, पाडत होता, हसत होता. त्याला म्हटले, भाजणी मागच्या डब्यात आहे. कहाँ जा रही हो, म्हणाला. कुठे नाही रे.

ताप एकशे चार.

शनिवार, १० जानेवारी

दुपारचे अडीच. केले.

वर्गातल्या खुर्चीवर बसले, प्रणिताला फोटो काढायला लावला. मीच चढवला. यशच्या फाईलच्या जागी. बदलू का, असे संगणकाने विचारले, मी हो दाबले. यशचा फोटो गेला. यादी तीनदा पाहिली. कुठेही नाही.

मला दिसतो आहे. खुर्चीवर मी, मागे विक्रम. स्वेटर, काळे बटण, सगळे. चेहराही. दहा महिने हाच चेहरा —

तो मला ओळखत नाही. त्याचे डोळे माझ्यावरून तसेच पुढे जातात.

पावणेतीन. प्रणिताला वर्णन लिहायला सांगितले. तिने लिहिले, एक खाली कुर्सी. मी म्हटले, नीट बघ. तिने मान वर केली नाही. पुन्हा म्हटले. ती चंद्रप्रभाताईंना विचारते आहे, आंटी कब निकल गईं? त्या म्हणतात, आत्ता तर इथेच होत्या, गेल्या असतील रुग्णालयात.

मी त्यांच्या दोघींच्या मध्ये बसले आहे.

रमाकांत काका फक्त कान देऊन बसले आहेत. वीणाताई, असे हळूच म्हणाले. मी ओ दिली. त्यांनी पुन्हा तेच म्हटले.

रुग्णालयातून चंद्रप्रभाताईंना फोन. ताप उतरला. एकदम उतरला म्हणे, डॉक्टरांनाही नवल. यशने चहा मागितला.

उतरला.

तीन वाजून पाच. यशला फोन लावला. लागला. त्याने उचलला, आवाज चांगला आहे, मोकळा. हॅलो म्हणाला. मी म्हटले, बाळा, मी. हॅलो, म्हणाला. मी मोठ्याने म्हटले. कौन है, बोलिए तो, म्हणाला. हॅलो. हॅलो. मी ओरडते आहे, यश, आई बोलतेय, आणि तो नर्सला म्हणतो आहे, कोई बोल ही नहीं —